पहाटे बूट फेअर, दुपारी कॅम्बरचा समुद्र: लंडनच्या आसपास राहणाऱ्यांसाठी रविवारची सहल

रानजाई:

ईस्टर झाला की केंटमध्ये शेतांच्या कडेला पाट्या दिसायला लागतात, 'रविवारी बूट फेअर, विक्रेते सकाळी ६'. बूट म्हणजे गाडीची डिकी. बाकी इंग्लंड याला कार बूट सेल म्हणतं, आमच्याकडे बूट फेअर. गवताची शेतं ओली असली की गाड्या रुततात, म्हणून हिवाळ्यात बहुतेक ठिकाणी बंद. सप्टेंबर संपेपर्यंत मात्र जोरात चालतं. इथे बऱ्याच जणांनी विचारलं होतं की मुलांना घेऊन एका दिवसात, फार खर्च न करता कुठे जाऊन यावं. आमच्या घराची सगळ्यात लाडकी सहल हीच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी: लोक आपली गाडी शेतात रांगेत लावतात, डिकी उघडतात, पुढे एक घडीचं टेबल मांडतात आणि घरातल्या नको असलेल्या वस्तू विकतात. विकणाऱ्याला गाडीमागे साधारण दहा-पंधरा पौंड भाडं पडतं, घेणाऱ्याला आत जायला एखादा पौंड. फार लवकर आत शिरायचं तर जास्त. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॉकपोर्टच्या हॅरी क्लार्क या कॅथलिक धर्मगुरूंनी कॅनडात असा बाजार पाहिला आणि इकडे धर्मादाय कामासाठी भरवला, तिथून हे पसरलं असं सांगतात. आता तो कितीतरी कुटुंबांचा रविवारचा नेम आहे.

लहान शेतांवरचे बाजार दर रविवारी का नसतात हे मला बरेच जण विचारतात. इंग्लंडमध्ये वेगळी परवानगी न घेता एका जमिनीवर वर्षात १४ दिवसच बाजार भरवता येतो. म्हणून शेतकरी एक आड एक रविवार धरतात, किंवा फक्त उन्हाळ्यातले महिने. निघण्याआधी त्या रविवारी आहे ना, हे बघून घ्या. पाऊस पडला तर आदल्या रात्रीही रद्द होतं.

लंडनहून येणाऱ्यांना स्वॉन्लीजवळचं पेडहॅम प्लेस सोयीचं. एम२५ च्या तिसऱ्या जंक्शनला लागूनच, मोठं आहे, रांगा संपता संपत नाहीत. तिथून एम२० धरून ॲशफर्ड, मग ए२०७० ने ब्रेन्झेट, लिड आणि कॅम्बर. तासाभराहून थोडं जास्त लागतं. मात्र उन्हाच्या रविवारी दहानंतर कॅम्बर गावाचा एकुलता रस्ता तुंबतो, वाहनतळ भरतात आणि लोक तासन्‌तास अडकतात. यावर उपाय खाली सांगते.

पहिल्या तासात शेतावर बहुतेक व्यापारी असतात. हातात विजेरी, डिकी पुरती उघडायच्या आत डोकावणारे. त्यांच्याशी स्पर्धा करायची गरज नाही. त्यांना चांदी, घड्याळं, जुनी खेळणी हवी असतात. आपल्याला हवं ते, म्हणजे वापरायच्या वस्तू, आठ-साडेआठलाही मिळतात. जॅम करायचं जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या, त्यात दिवाळीला पाकातले रव्याचे लाडू निवांत होतात. काचेच्या झाकणाच्या बरण्या लोणच्याला. ओतीव लोखंडाचा जड तवा दिसला तर सोडू नका. वर गंज असेल तर घाबरू नका, तो घासून निघतो. तडा मात्र बघा. तवा उलटा धरून बोटाच्या पेराने टिचकी मारा, खणखणीत वाजला तर सलग आहे, बद्द वाजला तर ठेवून द्या. मुलांची पुस्तकं पन्नास पेनीला. लहान मुलांच्या गाडीतल्या सीट आणि सायकलचं हेल्मेट मात्र जुनं कधीच घेऊ नका, आधी अपघातात सापडलंय का ते बाहेरून कळत नाही. गादीचा सोफा किंवा खुर्ची घेताना आगीपासून सुरक्षिततेचं शिवलेलं लेबल बघा, १९८८ पासून ते बंधनकारक आहे.

आणि थोडं बोला. घाईत 'किती' एवढंच विचारून पुढे जाऊ नका. गेल्या उन्हाळ्यात एका वयस्कर बाईंच्या टेबलावर काट्या-चमच्यांच्या ढिगात मला एक पितळी अडकित्ता दिसला. मोराचा आकार, पिसाऱ्यावर बारीक टिंबं, पातं गंजलेलं, पण खीळ अजून घट्ट. त्यांच्या मते ते अक्रोड फोडायचं काहीतरी होतं, फुटत मात्र नव्हते. मी दोन बोटांत धरून सुपारी कशी कातरतात ते हवेत दाखवलं. त्यांनी लगेच शेजारच्या गाडीतून मुलीला हाक मारली, 'आजोबांचं ते काय आहे ते कळलं बघ!' आजोबा रेल्वेत होते, मुंबईच्या बाजूला कुठेतरी. मग खोबरं, कात, चुना, पान सगळं झालं. तीन पौंडांना दिला, वर स्वतः केलेल्या गूजबेरीच्या मुरांब्याची बाटली. इथे आल्यावर शेजाऱ्यांशी हवामानापलीकडे बोलणं होत नाही अशी तक्रार आपण करतो, तर सकाळी सातला ओल्या गवतात उभे असलेले हे लोक भरभरून बोलतात. मला हा बाजार त्यासाठी सगळ्यात जास्त आवडतो.

आता समुद्र. त्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी गोट्यांचे किनारे आहेत, कॅम्बरला मात्र वाळू आणि वाळूच्या टेकड्या. ओहोटीला पाणी अर्धा मैल किंवा त्याहूनही आत जातं. मुलांना पळायला, पतंग उडवायला इतकी मोकळी जागा मी इंग्लंडच्या या कोपऱ्यात दुसरीकडे पाहिली नाही. गर्दीवर आमचा उपाय असा: बूट फेअरहून सरळ कॅम्बरला न जाता आधी डंजनेसला जातो. ओसाड गोट्यांचा माळ, काळ्या डांबरी रंगाची लाकडी घरं, १९०४ चा काळा दीपगृह-मनोरा. वर जायला १६९ पायऱ्या. तिथेच १५ इंच रुंदीच्या रुळांवरची छोटी वाफेची गाडी हाइदहून येते, साडेतेरा मैल, १९२८ पासून. इंजिन माणसाच्या खांद्याएवढं, पण खरंखुरं कोळशाचं. डंजनेसला पोहायचं नाही, उतार एकदम खोल आहे आणि प्रवाह ओढतो. दुपारी तीननंतर सकाळची गर्दी परतायला लागते, तेव्हा कॅम्बर गाठायचं. उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेड असतो.

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

---

पहाटवारा:

रानजाई, फार उपयोगी. आम्ही स्लावला राहतो, नुकतेच आलोय, गाडी नाही. तीन वर्षांची मुलगी. ट्रेनने जमेल का? आणि घरातल्या वस्तू विकल्या तर कर भरावा लागतो का? ऑफिसमध्ये एकाने घाबरवून सोडलंय.

---

रानजाई:

समुद्राचं ट्रेनने नक्की जमेल. सेंट पँक्रसहून ॲशफर्ड साधारण ३७ मिनिटं, तिथे गाडी बदलून राय. रायहून कॅम्बर चार मैल, बस आहे. राय गावच इतकं सुंदर आहे की दगडी गल्ल्यांतून तासभर फिरायला वेळ ठेवाच. बूट फेअर मात्र त्याच दिवशी गाडीशिवाय धरू नका, शेतापर्यंत बस जात नाही. त्यासाठी लंडनमध्ये बॅटरसीला जा. शाळेच्या पटांगणात रविवारी दुपारी भरतं, फरसबंदी असल्यामुळे चिखलाचा प्रश्न नाही.

करापायी घाबरू नका. स्वतः वापरलेल्या घरच्या वस्तू कधीमधी विकणं हा व्यापार धरला जात नाही. विकण्यासाठीच माल घेऊन विकलात तर तो व्यापार, आणि त्यातही करवर्षात एकूण १,००० पौंडांपर्यंतच्या विक्रीला सूट आहे. मात्र विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना स्वतःचा धंदा करायला बंदी आहे, त्यांनी विकत घेऊन विकण्याच्या भानगडीत पडू नये.

---

तिरफळ:

वाचून बरं वाटलं. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, आता जिलिंगहॅमला. रानजाईंनी एक महत्त्वाची गोष्ट मोकळी सोडली, ती जोडतो. या सहलीची वेळ घड्याळावर न ठरवता भरती-ओहोटीवर ठरवायला हवी. भरतीला कॅम्बरला पोहोचलात तर टेकड्यांच्या पायथ्याशी वाळूची एक चिंचोळी पट्टी मिळते आणि तीवर सगळं लंडन बसलेलं असतं.

आमच्या गावात भरती काढायची रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. आमचे आजोबा पंचांग आणि बोटांची पेरं एवढ्यावर होडी काढायचे.

इथे आल्यावर सहज ताडून बघितलं आणि थक्क झालो. डोव्हर बंदराची जुनी नौकानयनातली नोंद अशी आहे की पौर्णिमा-अमावास्येला भरती ११ वाजून १२ मिनिटांनी. सव्वाअकरा! प्रत्येक बंदराचा हा आकडा किनाऱ्याच्या ठेवणीवर ठरतो, डोव्हरचा आणि आपला जुळला हा निव्वळ योगायोग. पण जुळलाय खरा, आणि कॅम्बरची वेळ डोव्हरच्या वेळेला पाच-दहा मिनिटांच्या फरकाने लागून असते. फक्त उन्हाळ्यात इथलं घड्याळ तासभर पुढे असतं, म्हणून पाऊणपटीत एक मिळवायचा.

आता हे सहलीला लावून बघा. रविवारी पौर्णिमा असेल तर भरती सव्वाबारा-साडेबाराच्या सुमारास. बूट फेअर उरकून दुपारी पोहोचलात तर वाळूच नाही. त्या दिवशी रानजाईंचा बेत अचूक, आधी डंजनेस आणि तीन-चारनंतर कॅम्बर, तेव्हा पाणी उतरत असतं. रविवारी अष्टमी असेल तर भरती सकाळी सातला आणि संध्याकाळी साडेसातच्या आसपास, ओहोटी एकच्या सुमारास. तेव्हा उलट करा, आधी कॅम्बर. शिवाय अष्टमीला भांगाची भरती, पाणी कमी चढतं, कमी उतरतं आणि संथ असतं. लहान मुलं बरोबर असतील तर मी तरी भांगाचा रविवार निवडतो. उधाणाला डोव्हरला पाण्याची चढउतार सहा मीटरच्या आसपास आहे. मुंबईहून आलेल्या माणसाला वाटतं तेवढं नाही, त्यापेक्षा पुष्कळ जास्त.

पाऊणपट हा अंदाज. जाताना ॲडमिरल्टीच्या ईझीटाइड या वेबसाइटवर नेमकी वेळ बघायचीच. वाऱ्यानेही फरक पडतो.

---

चिमणचारा:

तिरफळ, हे वाचून आजच कालनिर्णय काढलं. खूप आभार.

---

खाडीकाठ:

भरतीचा विषय निघालाच आहे तर हे स्पष्ट सांगायला हवं. २०१६ च्या उन्हाळ्यात कॅम्बरला सात जण बुडाले. त्यात २४ ऑगस्टला लंडनहून आलेले पाच तरुण मित्र एकाच दिवशी गेले, श्रीलंकन तमीळ कुटुंबांतले. उथळ, शांत दिसणारा समुद्र, गरम दिवस. हे आपल्यासारख्याच घरांतले मुलगे होते, सुट्टीच्या दिवशी गाडी काढून समुद्रावर आलेले.

धोका कसा आहे ते समजून घ्या. ओहोटीला दूरपर्यंत चालत जाता येतं. मध्ये वाळूचे उंचवटे असतात आणि त्यांच्या मागे, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूला, सखल घळी. भरती सुरू झाली की पाणी समोरून येताना दिसत नाही, ते आधी त्या घळींतून तुमच्या पाठीमागे भरतं. तुम्ही उंचवट्यावर घोट्याएवढ्या पाण्यात उभे आणि परतीच्या वाटेवर गळ्याएवढं पाणी. पोहता येणाराही तिथे गडबडतो, कारण पाणी थंड आहे आणि वाहतं आहे.

आता उन्हाळ्यात तिथे जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात उतरा. नुसता लाल झेंडा असेल तर उतरूच नका. नारिंगी वाऱ्याची पिशवी लावलेली दिसली तर फुगवायची खेळणी, होड्या पाण्यात नेऊ नका, वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो आणि मूल बघता बघता आत जातं. कोणी अडकलं तर मागे धावू नका, ९९९ लावा आणि कोस्टगार्ड मागा. स्वतः अडकलात तर हातपाय मारणं थांबवून मान मागे टाका, कान पाण्यात, आणि उताणे तरंगत राहा. थंड पाण्याचा पहिला धक्का एक-दीड मिनिटात ओसरतो, मग हाक मारा. मुलांना हे घरच्या घरी, गादीवर उताणं झोपवून शिकवता येतं. आम्ही शिकवलंय.

---

रानजाई:

खाडीकाठ, हे मूळ लेखातच असायला हवं इतकं गरजेचं आहे. सगळ्यांनी नीट वाचा. आम्ही ओहोटीची वेळ उलटली की मुलांना घळींच्या अलीकडेच ठेवतो, पाणी कितीही लांब दिसो.

---

ओसरी:

सहल छान. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत, कराडहून आल्यात. त्यांना मी बूट सेलला घेऊन गेले तर त्या आवडीने फिरल्या, पण काही घेऊ देईनात. मेलेल्या माणसाच्या वस्तू घरात कशाला, कोणाचं काय भोगलेलं असेल, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही. पण मलाही एका टेबलापाशी कसंतरी झालं. एका गृहस्थांनी बायकोचं सगळं मांडलं होतं, चष्म्याच्या डब्या, स्वयंपाकाच्या वह्या, विणायच्या सुया. तुम्हाला असं होत नाही का?

---

रानजाई:

होतं ना. काही टेबलांपाशी उभं राहवत नाही. पण मला वाटतं सासूबाईंच्या मनातलं आणि तुमच्या मनातलं वेगळं आहे.

त्यांचं म्हणणं मी माझ्या आईकडूनही ऐकलंय आणि ते मला टाकाऊ वाटत नाही. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे, अंथरूण देऊन टाकतात, ते घरच्यांनी मोकळं व्हावं म्हणून. पण तांब्या-पितळेची भांडी पिढ्यान्‌पिढ्या राहतातच की. माझ्या आईकडच्या हंड्यावर पणजीचं नाव कोरलेलं आहे. त्यांना विचारून बघा, धातूचं किंवा काचेचं चालेल का. आमच्याकडे तोडगा असाच निघाला. कपडे आणि अंथरुणं घेत नाही, भांडी घेतो, आणि घरी आणल्यावर चिंच-मीठ लावून, उकळत्या पाण्यातून काढून मगच फडताळात.

त्या गृहस्थांबद्दल माझं मत वेगळं आहे. अशी माणसं सकाळी पाचला उठून पैशासाठी येत नाहीत. पैशासाठी असतं तर सगळं एकगठ्ठा देऊन मोकळे झाले असते. ती वही कोणीतरी उघडून बघावी, 'हा केक त्या कधी करायच्या' असं विचारावं, यासाठी ते तिथे असतात. मी विचारते. दरवेळी घेतेच असं नाही, पण विचारते. आणि अशा टेबलावर मी भाव करत नाही.

---

चिमणचारा:

यावरून आठवलं. बूट सेलला मिळणारी जुनी पितळी भांडी सरळ स्वयंपाकाला वापरू नका. आत पांढुरका थर दिसला तर ती कल्हई, पण ती बहुतेक उडालेलीच असते, आणि इथे गल्लीत हाळी देत येणारा कल्हईवाला नाही. ताक, आमटी, चिंचेचं काहीही त्यात ठेवू नका. पाणी भरायला, फुलं ठेवायला, देवापुढे चालेल. जुन्या रंगीत कपबश्यांच्या झिलईत शिसं असू शकतं, त्याही शोभेलाच ठेवाव्यात.

---

पाचवारी:

सगळे भांड्यांवर लिहितायत, मी शिलाई मशीनवर लिहिते, कारण ही या बाजारातली सगळ्यात गुणी वस्तू आहे आणि लोक ती शोभेला ठेवायला घेतात याचं मला वाईट वाटतं.

लाकडी, घुमटाकार झाकणाची हाताने चालवायची सिंगर जवळजवळ प्रत्येक मोठ्या बूट सेलला असते. वीस-तीस पौंडांत मिळते. यातल्या बहुतेक स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातल्या आहेत, तो १८८५ ते १९८० चालला. मॉडेलच्या आकड्यापुढे के असेल तर ती तिथली. आपल्याकडच्या किती घरांत हीच मशीन होती! माझी आई अशाच मशीनवर आम्हा बहिणींचे परकर-पोलके शिवायची.

घेताना काय बघायचं. आधी हँडल फिरवा. जड असेल तरी चालेल, वाळलेलं तेल असतं, नवीन तेलाने सुटतं. पण अडकत असेल, ठरावीक जागी खटकन थांबत असेल तर सोडा. मग सुईच्या बाजूची पत्र्याची सरकपट्टी उघडून आत बोट घाला. गोल बॉबिन आहे की लांबट शटल? २८ आणि १२८ या मॉडेलना लांबट शटल आणि लांब काडीसारखी बॉबिन लागते. ती आत नसेल तर वेगळी शोधावी लागते. ९९के ला गोल बॉबिन, आजही कुठल्याही शिवणाच्या दुकानात मिळते. सुईसुद्धा आजची साधी घरगुती मशीनची सुई चालते. नवशिक्यांनी ९९के घ्यावी, आकाराने लहान, उचलायला बरी.

घरी आणल्यावर एक पथ्य. काळ्या अंगावरची सोनेरी नक्षी लाखेच्या लेपाखाली असते. स्पिरिट किंवा अल्कोहोलचं काहीही लावलंत तर लेप विरघळून नक्षी निघून येते. मशीनच्याच तेलाचा बोळा फिरवायचा, हळूहळू, दोन-तीन दिवस. सगळ्या भोकांत थेंब थेंब तेल, हँडल फिरवत राहायचं. दातांखाली पूर्वीच्या मालकिणीच्या कापडाचा भुगा जमलेला असतो, तो चिमट्याने काढा. माझ्या मशीनमध्ये निळ्या लोकरीचा नमद्यासारखा थर निघाला होता. शाळेचे गणवेश शिवत असणार त्या बाई, वर्षानुवर्षं.

मी त्या मशीनवर गोधडीचे चौकोन जोडते. मधले टाके हातानेच घालते, ते मशीनला जमायचे नाहीत आणि घालूही नयेत, पण कडा आणि जोड तिच्यावर. आईच्या जुन्या सुती साड्यांचे तीन थर ती न कुरकुरता ओढते. वीज नाही, गोंगाट नाही, मूल झोपलेलं असताना शिवता येतं.

---

ओसरी:

पाचवारी, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या मशीन चालेल, ती कष्टाची वस्तू आहे. येत्या रविवारी शोधणार आहोत.

---

पाचवारी:

त्यांनाच हँडल फिरवायला सांगा. ज्यांनी आयुष्यभर चालवलीय त्यांच्या हाताला लगेच कळतं.

---

तिरफळ:

खाण्याचं कोणी लिहिलं नाही. डंजनेसला अजून मच्छीमार होड्या गोट्यांवर ओढून ठेवतात आणि ताजी मासळी विकायला असते. शनिवारी चौकशी करा, रविवारी भरवसा नसतो. सोल म्हणजे आपल्या लेपीच्या कुळातला, नुसतं मीठ-हळद आणि तांदळाचं पीठ लावून तव्यावर टाका. मॅकरेल इथल्या पाण्यातला असला तरी बांगड्याचाच भाऊबंद, उन्हाळ्यात स्वस्त आणि तेलकट. तिरफळं मी गावाहून आणतो. नसतील तर नाद सोडा, त्याच्या जागी दुसरं काही घालू नका. बर्फाची पेटी गाडीत ठेवायला विसरू नका.

---

चिमणचारा:

आणि शाकाहारी मंडळींसाठी: किनाऱ्यावरच्या काही दुकानांत चिप्स गोमांसाच्या चरबीत तळतात. पाटीवर लिहिलेलं असेलच असं नाही, ऑर्डर देण्याआधी कशात तळता ते विचारा. वनस्पती तेल असलं तरी तीच कढई माशाला वापरतात का तेही विचारा. लोक नीट उत्तर देतात, कोणी वाईट वाटून घेत नाही. आम्ही थालीपीठं आणि दह्याचा डबा बरोबरच नेतो. समुद्रपक्ष्यांपासून सांभाळा, हातातला घास पळवतात, तीन वर्षांच्या मुलीच्या हातात आइसक्रीम देताना पाठ भिंतीकडे करून बसवा.

---

पहाटवारा:

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय: या रविवारी बॅटरसी, पुढच्या रविवारी ट्रेनने राय आणि कॅम्बर. पंचांग बघितलं, पुढच्या रविवारी शुद्ध सप्तमी आहे. सातची पाऊणपट सव्वापाच, अधिक एक, म्हणजे सव्वासहा. बरोबर ना तिरफळ? मग ओहोटी साडेबाराच्या सुमारास. ईझीटाइडवर पुढचा रविवार दिसायला लागला की ताडून बघते. बाबागाडी वाळूत चालेल का?

---

तिरफळ:

हिशेब अगदी बरोबर. साडेअकरापर्यंत किनाऱ्यावर पोहोचा, दीडपर्यंत वाळू तुमचीच. मात्र साडेबारा उलटले की पाणी चढायला लागेल, तेव्हापासून खाडीकाठ यांनी लिहिलेल्या घळींच्या अलीकडेच राहा.

---

रानजाई:

बाबागाडी टेकड्यांच्या वाळूत रुतते. मुलीला पाठीवरच्या पिशवीत घ्या, किंवा ओहोटीची ओली घट्ट वाळू लागेपर्यंत दोघांनी मिळून उचला, ओल्या वाळूवर छान चालते. वाऱ्यासाठी तिला कानटोपी, जूनमध्येसुद्धा. आणि परतीची रायची ट्रेन तासाला एकच असते, तेवढी वेळ लिहून ठेवा.